पहिल्या तासानंतर

आमच्या इमर्जन्सी विभागात आलेला पेशंट आमच्याजवळ फार तर काही तास राहतो. छातीत कळ येऊन आलेला माणूस कॅथलॅबमध्ये जातो, धाप लागलेल्या आजी अतिदक्षता विभागात जातात, हात मोडलेले मूल प्लास्टर घालून घरी जाते, आणि ज्या खाटेभोवती थोड्या वेळापूर्वी आम्ही सहा जण उभे होतो तिथे नवी चादर घालून पुढचा पेशंट घेतला जातो. त्या गेलेल्या माणसाचे चौथ्या दिवशी काय झाले हे आम्हाला कोणी येऊन सांगत नाही, आणि विचारायला जावे एवढी सवड त्या रात्री नसते. इमर्जन्सी मेडिसिनमध्ये इतकी वर्षे काढल्यावर मला जी गोष्ट फार उशिरा उमगली ती इथूनच सुरू होते. डॉक्टर आपल्या उपचाराला मिळणाऱ्या प्रतिसादावरून शिकतो, आणि आमच्या वाट्याला येणारा प्रतिसाद जवळजवळ नेहमीच पहिल्या तासाचा असतो. बीपी वर आले, ऑक्सिजनचा आकडा ९९ झाला, गार पडलेले तळवे कोमट झाले, थांबलेले हृदय पुन्हा चालू झाले, की केले ते बरोबर केले असे मनाला वाटते आणि हात ते लक्षात ठेवतो. गेल्या दीड-दोन दशकांत आमच्या विषयात जे मोठे अभ्यास झाले, त्यांतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे अभ्यास या पहिल्या तासाच्या पलीकडे पाहणारे आहेत.

मी निवासी डॉक्टर असतानाची एक रात्र मला अजून तपशिलासकट आठवते. दोन-अडीच वर्षांची मुलगी, तीन दिवसांचा ताप, डोळे अर्धवट मिटलेले, पावले गार. बोटाचे नख दाबून सोडले की गुलाबी रंग परत यायला चार सेकंद लागत होते. सिस्टरांनी पहिल्याच प्रयत्नात शिरेत लाईन घेतली आणि मी किलोमागे वीस मिलिलिटर या हिशेबाने मोठ्या सिरिंजमध्ये सलाईन ओढून ओढून ढकलू लागले. आम्हाला तसेच शिकवलेले होते आणि त्या काळी सगळीकडे तसेच शिकवले जात होते. अर्ध्या तासात पावले कोमट झाली, नाडीचा वेग उतरला, मुलीने डोळे उघडून आईकडे पाहिले. आईने माझे मनगट घट्ट धरून ठेवले, ती काही बोलली नाही. मुलगी वरच्या मजल्यावर गेली आणि मी पुढच्या खाटेकडे वळले. पुढे तिचे काय झाले हे मी कधीच विचारले नाही. ती बरी झालीच असणार असे मी धरून चालले, कारण माझ्या डोळ्यांसमोर ती बरी होत होती.

२०११ साली फीस्ट या नावाने ओळखला जाणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅथरीन मेटलँड यांच्या नेतृत्वाखाली केनिया, युगांडा आणि टांझानिया या देशांतल्या सहा केंद्रांत, तापाने गंभीर आजारी असलेल्या आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे दिसणाऱ्या ३१४१ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली गेली. एका गटाला सलाईनचा मोठा डोस झपाट्याने दिला, दुसऱ्या गटाला त्याच पद्धतीने अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचे द्रावण दिले, आणि तिसऱ्या गटाला असा कोणताही मोठा डोस न देता केवळ संथ गतीचे सलाईन चालू ठेवले. प्रतिजैविके, मलेरियावरची औषधे, लागेल तसे रक्त, हे सर्व तिन्ही गटांना मिळाले. जुलाबाने कोरडी पडलेली आणि तीव्र कुपोषण असलेली मुले या अभ्यासात घेतलेली नव्हती. पहिल्या ४८ तासांतले मृत्यू मोजले तेव्हा अल्ब्युमिनच्या गटात १०.६ टक्के, सलाईनच्या गटात १०.५ टक्के आणि मोठा डोस न दिलेल्या गटात ७.३ टक्के मुले दगावलेली होती. ठरलेली संख्या पूर्ण होण्याआधीच अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या शिफारशीवरून तो थांबवण्यात आला. मी जे त्या रात्री केले होते, तेच केल्यामुळे दर शंभर मुलांमागे तीन मुले जास्त गेली होती.

या अभ्यासातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब मृत्यूच्या आकड्यांत नव्हती. पहिल्या तासाच्या अखेरीस पाहिले तर सलाईन दिलेल्या मुलांमध्येच शॉकची, म्हणजे रक्ताभिसरण मंदावल्याची, लक्षणे अधिक प्रमाणात ओसरलेली दिसत होती. म्हणजे त्या वेळी खाटेपाशी उभ्या असलेल्या कोणत्याही प्रामाणिक, अनुभवी डॉक्टरने हाच उपचार सरस ठरवला असता, आणि ज्याचा अनुभव जितका मोठा त्याची खात्री तितकी पक्की झाली असती. जादा मृत्यू नंतर झाले, आणि पुढे झालेल्या विश्लेषणानुसार ते फुफ्फुसांत पाणी भरून झालेल्यांपेक्षा रक्ताभिसरण कोसळून झालेले अधिक होते. पाणी जास्त झाल्याची जी खूण शोधायला आम्हाला शिकवले होते, ती खूण पाहत बसलो असतो तरी हे आम्हाला कळले नसते.

अभ्यास बाहेर आला तेव्हा पुष्कळ डॉक्टरांनी तो आपल्याला लागू नाही असे म्हटले, आणि त्यांत मीही होते. ती रुग्णालये वेगळी, तिथे व्हेंटिलेटर नव्हते, मलेरिया आणि रक्तक्षय असलेली मुले फार होती, असे आमचे मुद्दे होते. त्यांतले काही खरोखरच योग्य होते. मुलांमधला सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे, याविषयीच्या २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही हा भेद ठेवलेला आहे. जिथे अतिदक्षतेची सोय आहे तिथे थोडे थोडे सलाईन देत, प्रत्येक वेळी मूल पुन्हा तपासत पुढे जावे, आणि जिथे ती सोय नाही व मुलाचे बीपी घसरलेले नाही तिथे असा डोस देऊ नये, असे त्या सांगतात. पण माझा त्या वेळचा आक्षेप इतका अभ्यासपूर्ण नव्हता, हे मला आज मान्य केले पाहिजे. माझ्या मनगटावर त्या आईचा हात होता, आणि तो हात चुकीचा होता असे मला कोणी सांगू नये, एवढेच मला हवे होते.

थांबलेल्या हृदयाच्या बाबतीत हेच वेगळ्या रूपात समोर आले. ॲड्रिनलिनचे इंजेक्शन ठरावीक मिनिटांनी देत सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणे, चालू ठेवायचा, हे आम्ही दशकानुदशके करत आलो आहोत. दाबणाऱ्याच्या कपाळावरचा घाम खाली टपकत असतो, कोणी तरी मोठ्याने मिनिटे मोजत असते, आणि मग मानेवर बोटे ठेवून उभी असलेली व्यक्ती म्हणते, 'पल्स आली.' या दोन शब्दांनी खोलीतली हवा बदलते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पॅरामेडिक-२ या ब्रिटनमधल्या अभ्यासात रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या ८०१४ जणांना ॲड्रिनलिन किंवा नुसते सलाईन दिले गेले आणि कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही माहीत नव्हते. ॲड्रिनलिनच्या गटात ३६.३ टक्के जणांचे हृदय पुन्हा चालू झाले, दुसऱ्या गटात ११.७ टक्के जणांचे. खोलीतल्या माणसाला दिसणारा फरक एवढा प्रचंड होता. तीस दिवसांनी जिवंत असलेले मात्र ३.२ टक्के आणि २.४ टक्के होते, आणि मेंदूची स्थिती चांगली राखून घरी गेलेल्यांच्या प्रमाणात दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक उरला नव्हता. जे वाचले त्यांपैकी ॲड्रिनलिनच्या गटातल्या ३१ टक्के जणांच्या मेंदूला गंभीर इजा झालेली होती, दुसऱ्या गटात हे प्रमाण १७.८ टक्के होते.

मी आजही ॲड्रिनलिन देते. मार्गदर्शक सूचनांमध्ये ते आहे आणि थोडे का होईना, अधिक लोक त्याने वाचतात. पण त्या अभ्यासानंतर माझे नातेवाइकांशी बोलणे बदलले. पूर्वी मी दार उघडून 'हृदय चालू झाले' असे सांगत असे आणि समोरचे चेहरे उजळत. आता मी आधी बसते, त्यांनाही बसवते, आणि हृदय चालू झाले आहे पण मेंदूला किती काळ रक्त मिळाले नाही यावर पुढचे सगळे अवलंबून आहे व ते कळायला काही दिवस जावे लागतील, हे एकाच वाक्यात सांगते. एका अभ्यासाने माझ्या हातातले औषध बदलले नाही, तोंडातले वाक्य बदलले, आणि संशोधनाचा हा परिणाम मला औषध बदलण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

नुकसान जसे पहिल्या तासात दिसत नाही तसा कित्येकदा फायदाही दिसत नाही. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्ताची गुठळी टिकवून धरणारे औषध जपानमध्ये शोसुके आणि उताको ओकामोतो या संशोधक दांपत्याने शोधले आणि १९६२ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. बाळंतपणात रक्तस्राव होऊन मरणाऱ्या स्त्रियांसाठी ते वापरले जावे अशी उताको यांची इच्छा होती. अपघातातल्या रक्तस्रावावर त्याचा उपयोग होतो की नाही हे ठरायला २०१० साल उजाडावे लागले. क्रॅश-२ या अभ्यासात चाळीस देशांतले २०,२११ जखमी घेतले होते, आणि मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. दीड टक्का. मी आयुष्यभर दर आठवड्याला हे औषध दिले असते तरी माझ्या अनुभवाला हा दीड टक्का कधीही जाणवला नसता. मला दिसले असते ते एवढेच, की काही जण वाचतात आणि काही जातात. पुढच्या विश्लेषणात असेही दिसले की इजा झाल्यापासून तीन तासांच्या आत, जितके लवकर तितका फायदा होतो, आणि तीन तास उलटल्यावर दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढतात. हे औषध देताना ना बीपी उसळते, ना मॉनिटरवर काही हलते. त्याच्या बाजूने खाटेपाशी काहीच बोलत नाही. बोलतो तो केवळ वीस हजारांचा अभ्यास. अन्ननलिका, जठर आणि आतड्यांतल्या रक्तस्रावातही ते उपयोगी पडेल असे अनेकांना वाटले होते, पण २०२० सालच्या हॉल्ट-इट या बारा हजार रुग्णांच्या अभ्यासात मृत्यू कमी झाले नाहीत आणि शिरांमध्ये गुठळ्या होण्याचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले. उताको ओकामोतो २०१६ साली, वयाच्या ९८व्या वर्षी गेल्या. बाळंतपणातल्या रक्तस्रावावरचा वीस हजारांहून अधिक स्त्रियांचा वुमन अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात हे औषध मिळालेल्या स्त्रियांचे रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले.

सेप्सिसच्या उपचाराची हकिकत आमच्या क्षेत्रातल्या बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगते. २००१ साली इमॅन्युएल रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या सहा तासांतल्या काटेकोर उपचाराने मृत्यूचे प्रमाण ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आल्याचे दाखवले, आणि आमची पिढी मानेतल्या शिरेत घालायची मोठी लाईन व उपचारात गाठायचे ठरलेले आकडे पाठ करत वाढली. २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत प्रोसेस, अराइझ आणि प्रॉमिस या तीन मोठ्या अभ्यासांनी त्या काटेकोर पद्धतीत आणि नेहमीच्या उपचारात मृत्यूच्या बाबतीत फरक नसल्याचे दाखवले. त्यावर 'म्हणजे ते सगळे व्यर्थ होते' असे म्हणणारे मला भेटतात, आणि त्यांच्याशी मी मनापासून वाद घालते. मधल्या तेरा वर्षांत 'नेहमीचा उपचार' हाच बदलून गेला होता. सेप्सिस लवकर ओळखायचा, प्रतिजैविक लवकर द्यायचे, अवयवांना रक्त कमी पडत असल्याची खूण देणारे रक्तातले लॅक्टेट पाहायचे, ही शिस्त त्या पहिल्या अभ्यासाने सगळ्यांच्या अंगी बाणवली, आणि म्हणूनच पुढे त्यातली लाईन आणि आकडे गळून पडले तरी चालले.

आता प्रश्न उरतो तो शिकण्याचा. अभ्यास वाचून डोक्याला पटते, हाताला पटायला फार वेळ लागतो. हृदयविकाराच्या झटक्यात, रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असताना ऑक्सिजन देऊन फायदा होत नाही, हे २०१७ साली स्वीडनमधल्या ६६२९ रुग्णांच्या अभ्यासाने स्पष्ट केले. एका वर्षातले मृत्यू ऑक्सिजन दिलेल्यांत ५ टक्के आणि न दिलेल्यांत ५.१ टक्के होते. मी तो अभ्यास त्याच आठवड्यात वाचला आणि निवासी डॉक्टरांना शिकवलाही. त्यानंतर कितीतरी महिने छातीत दुखणारा पेशंट खाटेवर आडवा झाला की माझा हात भिंतीवरच्या मास्ककडे जात असे, मॉनिटरवर ९७ दिसत असताना. शेवटी एका सिस्टरांनी माझा हात वाटेतच अडवला आणि काही न बोलता मॉनिटरकडे बोट दाखवले. व्याख्यानाने जे झाले नव्हते ते त्या बोटाने झाले. म्हणून मी आता नवी गोष्ट शिकवताना ती डॉक्टर आणि नर्स यांना एकत्रच शिकवते, कारण खोलीत दोघांपैकी एकाला तरी ती वेळेवर आठवली पाहिजे.

पुतळ्यावरचा सरावही याच कारणासाठी हवा. छाती किमान पाच सेंटिमीटर दाबली जावी आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबली जावी, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. पण प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच हे कौशल्य उतरू लागते, आणि उतरले आहे याची जाणीव करणाऱ्याला नसते. दोन वर्षांतून एकदा दिवसभराचे शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याला दहा मिनिटे, छाती किती खोल दाबली जाते ते मोजणाऱ्या पुतळ्यावर, ड्यूटीच्या कपड्यांतच केलेला सराव मला कितीतरी पटीने उपयोगी वाटतो.

श्वासनलिकेत नळी घालायला शिकवणे हे एकेकाळी माझे सर्वांत मोठे ओझे होते. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात आत पाहायचे पात्याचे उपकरण, हातात धरलेल्या निवासी डॉक्टरलाच काय ते आत दिसायचे. मी खांद्यामागून विचारायचे, 'दिसतंय का?' तो म्हणायचा, 'दिसतंय,' आणि त्याला नेमके काय दिसत होते ते फक्त त्याला ठाऊक. आतले दृश्य पडद्यावर दाखवणाऱ्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने हे बदलले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या डिव्हाइस या १४१७ रुग्णांच्या अभ्यासात पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याचे प्रमाण व्हिडिओने ८५.१ टक्के आणि जुन्या पद्धतीने ७०.८ टक्के होते, जरी गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. मला मात्र त्या पडद्याचे मोल वेगळ्या कारणासाठी वाटते. परवा एका निवासी डॉक्टर मुलीने ब्लेड जिभेवरून फार आत नेले होते आणि पडद्यावर नुसती गुलाबी भिंत दिसत होती. मी म्हटले, 'अगदी हळूहळू मागे ये.' ती एकेक मिलिमीटर मागे येत गेली, भिंत सरकली, आणि स्वरतंतूंची पांढरी कमान वरून अलगद पडद्यात उतरली. आम्ही चौघींनी ती एकाच क्षणी पाहिली. त्याआधी पेशंटला तीन मिनिटे घट्ट मास्कने, दाबाखाली ऑक्सिजन दिलेला होता. २०२४ सालच्या प्रीऑक्सी अभ्यासाने या पद्धतीत ऑक्सिजन धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर येते हे दाखवले, आणि तेव्हापासून आम्ही ती तीन मिनिटे सोडत नाही. काही सुधारणा अशा पहिल्या तासातच पुऱ्या दिसतात, आणि त्या दिसल्या की फार बरे वाटते.

न दिसणाऱ्या गोष्टींसाठी मी वही ठेवते. पेशंटचे नाव तीत नसते. तारीख, खाटेचा क्रमांक, माझे निदान, दहापैकी किती खात्री आणि पुढे काय होईल याचा अंदाज, एवढेच असते. तीन-चार दिवसांनी ड्यूटी सुरू होण्याआधी मी वर जाते आणि विचारते. निवासी डॉक्टरांनाही मी हेच करायला लावते, कारण खात्री आधी लिहून ठेवली नाही तर नंतर मन ती हळूच बदलून टाकते आणि 'मला तेव्हाच शंका आली होती' असे सांगू लागते. माझ्या वहीत सर्वांत त्रासदायक नोंदी सातच्या किंवा सहाच्या नाहीत, आठच्या आणि नऊच्या आहेत.

गेल्या महिन्यातली एक नोंद आहे. साठीचे गृहस्थ, ताप, धाप, ऑक्सिजन ८८, उजव्या बाजूला छातीत दुखणे, एक्स-रेवर थोडा डाग. मी लिहिले होते, न्यूमोनिया, खात्री आठ. मास्क लावला, प्रतिजैविक सुरू केले, तासाभरात त्यांची धाप पुष्कळ कमी झाली आणि ते वर गेले. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन दाखवला. फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी होती, आणि एका पायाला किंचित सूज असल्याचे दुसऱ्या दिवशीच्या राउंडमध्ये त्यांच्या लक्षात आले होते. तो पाय मी चादर बाजूला करून पाहिला नव्हता. रक्त पातळ करणारे औषध चालू झाले होते आणि गृहस्थ खाटेवर मागे रेलून वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मला ओळखले नाही. कसे वाटते असे विचारले तेव्हा ते म्हणाले, 'आता छान आहे. खाली त्या रात्री एक मॅडम होत्या, त्यांनी मास्क लावला आणि तिथेच मला बरे वाटायला लागले.' मी त्यांना सांगितले की ती मीच, आणि त्या रात्री मी निदान दुसरेच केले होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, पाय थोडे आत घेतले आणि खाटेच्या कडेला मला बसायला जागा करून दिली.